घडी, मोटर आणि फलाट

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या रेनर्स लेन स्थानकात, ऐन फलाटावर, एका विजेच्या सायकलने पेट घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या वाहतूक यंत्रणेने निर्णय जाहीर केला : ३१ मार्चपासून ट्यूब, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन आणि डीएलआर या गाड्यांत आणि त्यांच्या स्थानकांत विजेची सायकल आणता येणार नाही. बंदीतून एकच प्रकार वगळला, घडी घालता येणारी विजेची सायकल. कारण सरळ होतं. आगीचा धोका मुख्यतः साध्या सायकलीला मागाहून मोटर आणि बॅटरी जोडून केलेल्या जुळवाजुळवीचा. घडीच्या सायकलीत अशी जुळवाजुळव क्वचित होते. ती बहुतेक वेळा कारखान्यातूनच मोटरसकट बाहेर पडते.

या निर्णयात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. घडीची सायकल गाडीत येणार, आणि ती येऊ द्यायला हवी. तिचं निम्मं आयुष्य रस्त्यावर आणि निम्मं जिन्यात, फलाटावर, डब्यात, टेबलाखाली जातं. म्हणून ती कशी चालते हा प्रश्न अर्धाच. ती कशी उचलली जाते, कुठे मावते, गर्दीत कुणाच्या पोटरीला लागते का, हा उरलेला अर्धा. मोटर आल्यापासून पहिल्या अर्ध्याची जाहिरात जोरात होते आणि दुसरा अर्धा मागे पडतो. माझं म्हणणं असं आहे की घडी आणि मोटर यांचं मुळातच एकमेकींशी वाकडं आहे, आणि विकत घेणाऱ्याने या भांडणात घडीची बाजू घ्यावी.

मुंबईत ही गरज नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. घर डोंबिवलीत, स्टेशनापासून दोन-अडीच किलोमीटरवर. कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात. मधला रेल्वेचा प्रवास गर्दीचा, पण जलद गाडी पाऊण तासाच्या आत कुर्ल्याला आणून सोडते. वेळ आणि जीव खातात ती दोन टोकं. सकाळी घरून निघताना रिक्षा मिळत नाही आणि कुर्ल्याला उतरल्यावर शेअर रिक्षाची रांग संपत नाही. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४मध्ये बीकेसीपर्यंत आली, पण कुर्ल्याला उतरणाऱ्याच्या वाटेवर ती नाही. हे तीनेक किलोमीटर चालत गेलं तर पस्तीस-चाळीस मिनिटं. सायकलने, अगदी सावकाश, पंधरा. सीप्झ, ऐरोली, महापे, कुठेही हेच गणित थोड्याफार फरकाने लागू पडतं.

डबेवाल्यांनी हे गणित फार पूर्वी सोडवलं. ते सायकल गाडीत नेत नाहीत. घरांकडची सायकल घरांकडच्या स्टेशनावर थांबते, कचेऱ्यांकडची सायकल तिकडच्या स्टेशनावर उभी असते, आणि गाडीतून जातो तो डबा. नेदरलँड्समधला नोकरदारही असंच करतो. दोन्ही टोकांना त्याची एकेक जुनीपुराणी सायकल असते, नाहीतर स्टेशनावर रेल्वेची भाड्याची सायकल मिळते. एकट्या उट्रेख्त स्थानकाच्या वाहनतळात साडेबारा हजार सायकली मावतात. तिथे ऐन गर्दीच्या वेळी साधी सायकल गाडीत चढवता येत नाही, पण घडी घातलेली सायकल कधीही, फुकट नेता येते. दुसऱ्या टोकाला सायकल सुरक्षित ठेवायची सोय असेल तर घडीची गरज बरीच कमी होते, आणि दोन साध्या सायकली एका विजेच्या घडीच्या सायकलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. आपल्याकडे ती सोय नाही. स्टेशनाबाहेरचं पे अँड पार्क मोटरसायकलींनी भरलेलं असतं, कुंपणाला बांधलेल्या सायकलीची आधी सीट जाते, मग चाक. सायकल आपल्याबरोबर नेणं हा आपल्याकडे हौसेचा भाग कमी आणि राखणीचा जास्त आहे.

घडीच्या सायकलीच्या इतिहासात तेलाची टंचाई पुन्हा पुन्हा डोकावते. डेव्हिड हॉन हे कॅलिफोर्नियातल्या ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीत लेसरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटात पेट्रोल पंपांपुढच्या रांगा पाहून ते घडीच्या सायकलीच्या मागे लागले आणि १९८२मध्ये त्यांनी डाहॉन ही कंपनी काढली. मधोमध बिजागरी, वीस इंची चाकं, दुमडून दोन्ही चाकं शेजारी शेजारी. आज बाजारात दिसणाऱ्या घडीच्या सायकलींपैकी बहुतेक याच कुळातल्या. पुढे हॉन यांचा मुलगा जॉशुआ आणि त्याची आई फ्लॉरेन्स शेन यांनी २०११मध्ये टर्न ही वेगळी कंपनी काढली, आणि विजेच्या घडीच्या सायकलींत तिचंही नाव मोठं झालं.

दुसरं कूळ लंडनचं. अँड्र्यू रिची केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकले होते आणि बागांचं काम करत होते. हॅरी बिकर्टन यांची ॲल्युमिनियमची घडीची सायकल पाहून, यापेक्षा चांगली करता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९७०च्या दशकाच्या मध्यावर साउथ केन्सिंग्टनमधल्या आपल्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये त्यांनी पहिले नमुने बनवले. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं. सायकलला तेच नाव मिळालं. मोठ्या कंपन्यांनी नकार दिले. पुरेसं भांडवल जमून नीट उत्पादन सुरू व्हायला १९८८ उजाडलं, तेही रेल्वेच्या कमानीखालच्या एका गाळ्यात.

ब्रॉम्प्टनची घडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात मालकाइतकाच शेजारच्या प्रवाशाचाही विचार आहे. आधी मागचं चाक खालून पुढे वळवायचं. ते पोटाखाली जाऊन सायकल आपोआप बसकण मारते आणि उभी राहते. मग मधली बिजागरी सोडून पुढचा भाग बाजूने मागे आणायचा; पुढचं चाक मागच्याला चिकटतं. मग हँडलचा दांडा खाली पाडायचा. शेवटी सीट खाली दाबायची, आणि सीटची नळी खाली उतरली की सगळी घडी कुलूप घातल्यासारखी बंद होते. तेलकट चेन दोन चाकांच्या मधे, आत राहते. आपल्या पँटला आणि शेजारणीच्या साडीला तेल लागत नाही. हात बसला की वीस सेकंदांत दोन फूट लांब, दोन फूट उंच आणि फूटभरापेक्षा कमी रुंद असं गाठोडं होतं. डाहॉनच्या कुळातली मधोमध दुमडणारी सायकल याहून लवकर मिटते, पण तिचं गाठोडं पावणेतीन फुटांपर्यंत जातं आणि चेन बऱ्याचदा बाहेरच्या अंगाला राहते. मराठी घरातल्या दोन खोल्यांत आणि लोकलच्या दारात हा पाऊण फुटाचा फरक मोठा असतो.

आता यात मोटर घाला. चाकाच्या तुंब्यात बसणारी मोटर दोन ते चार किलो. बॅटरी दोन ते तीन किलो. शिवाय कंट्रोलर, वायरी आणि हे ओझं पेलायला थोडी जाड केलेली फ्रेम. बिनमोटरची पोलादी ब्रॉम्प्टन अकरा-बारा किलोची असते; २०१७मध्ये जाहीर झालेली तिची विजेची बहीण बॅटरीसकट सतराच्या आसपास जाते. टर्नची व्हेक्ट्रॉन बावीसच्या घरात. आपल्याकडे सध्या खपणाऱ्या, चार इंच रुंद टायरच्या सायकली पंचवीस ते तीस किलोंच्या. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात असतो. तो घेऊन ठाणे स्टेशनचा पूल चढायचा आहे अशी कल्पना करा. फक्त या सिलिंडरला कडं नाही आणि त्याची पायडलं बाहेर आलेली आहेत.

ब्रॉम्प्टनने या भांडणात एक शहाणी तडजोड केली. बॅटरी फ्रेममध्ये न घालता पुढे अडकवायच्या पिशवीत ठेवली. फलाटावर पिशवी काढून खांद्याला लावायची, सायकल हातात धरायची. वजन तेवढंच, पण ते दोन ठिकाणी वाटलं जातं आणि एका हातावर चौदा-पंधरा किलोच येतात. बॅटरी फ्रेमच्या नळीत किंवा सीटच्या दांड्यात घालणाऱ्या सायकली दिसायला सुबक; पण उचलताना सगळं ओझं एकाच हातावर.

जिन्यात कळतं की माणूस पंधरा किलो एका दमात नेतो, वीस किलो थांबत थांबत नेतो आणि पंचवीसच्या पुढे मदतीला कुणी आहे का बघतो. हे मी दादर, ठाणे आणि कुर्ल्याच्या पुलांवर सायकली घेऊन चढणाऱ्यांकडे बघून लिहितो आहे, आणि स्वतःच्या खांद्यावरूनही. सरकते जिने आणि लिफ्ट पुष्कळ ठिकाणी झाल्या आहेत, पण लिफ्ट फलाटाच्या एका टोकाला आणि आपला डबा दुसऱ्या टोकाला, हे नेहमीचं. तेव्हा घडी घातलेल्या अवस्थेत सायकल ढकलता येते का, हे बघणं फार महत्त्वाचं आहे. काही सायकली मिटल्यावर आपल्या दोन चाकांवरच ओढता येतात, काहींना वेगळी छोटी चाकं असतात, आणि बऱ्याच सायकली मिटल्या की नुसत्या पडून राहतात. या शेवटच्या प्रकारातली सायकल दुकानात कितीही छान दिसली तरी स्टेशनासाठी घेऊ नये.

आणि गाडीत? सकाळी साडेआठच्या जलद लोकलमध्ये सीएसएमटीकडे जाताना कुठल्याही सायकलीला जागा नाही, कितीही छोटी घडी असली तरी. दारात माणसं लटकत असताना दोन फुटांचं लोखंड आत घालणं म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळ. लगेजच्या डब्यातून नेणारे लोक आहेत. तिथेही भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्यांचा हक्क आधीचा. उलट दिशेने प्रवास करणारा, दहा-साडेदहानंतर निघणारा, किंवा ट्रान्स-हार्बरवरून जाणारा माणूस मात्र ही सायकल रोज नेऊ शकतो. मेट्रोचं चित्र आशादायक आहे. नागपूर मेट्रोने सायकल डब्यात न्यायला मोकळीक दिली, मुंबईत २ए आणि ७ या मार्गिकांवरही ती मिळाली. रुंद दारं, फलाटाच्या पातळीला असलेला डबा, लिफ्ट : घडीच्या सायकलीला जे हवं ते सगळं तिथे आहे.

आता चालण्याबद्दल.

लहान चाकाची सायकल हळू असते, हा समज ॲलेक्स मोल्टन यांनी १९६२मध्येच खोटा पाडला. मिनी मोटारीचं रबराचं सस्पेन्शन करणारे हेच मोल्टन. सुएझच्या संकटात इंग्लंडमध्ये पेट्रोल मोजून मिळू लागलं तेव्हा ते सायकलकडे वळले आणि सोळा इंची चाकं, भरपूर हवेचे टायर आणि पुढे-मागे सस्पेन्शन अशी सायकल त्यांनी आणली. लहान चाक गुळगुळीत रस्त्यावर छान पळतं, पण खडबडीत रस्त्यावर त्याला गादी लागते, हा तिचा धडा होता. सस्पेन्शनशिवाय लहान चाक म्हणजे हाडांना शिक्षा.

आपल्या रस्त्यांवर हे हिशेबाने मांडता येतं. वीस सेंटिमीटर रुंदीचा एक खड्डा घ्या. नेहमीच्या मोठ्या सायकलीचं चाक टायरसकट सुमारे सत्तर सेंटिमीटर व्यासाचं. ते या खड्ड्यावरून जाताना साधारण दीड सेंटिमीटर खाली उतरतं. वीस इंची चाक दोन सेंटिमीटरांहून थोडं जास्त. सोळा इंची चाक अडीच. पाच सेंटिमीटर उंचीचा कडा, म्हणजे डांबराचा नवा थर संपतो तिथला किंवा पेव्हर ब्लॉक उचकटला आहे तिथला, सावकाश चढायला सोळा इंची चाकाला मोठ्या चाकापेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त जोर लावून पुढे ढकलावं लागतं. वेगात असाल तर तो जोर धक्का होऊन हँडलमधून मनगटात येतो. टायरची रुंदी आणि हवा इथे कामाला येते. दोन इंच रुंद टायर, हवा थोडी कमी, आणि सीटखाली किंवा मागच्या चाकाजवळ रबराचा ठोकळा एवढ्यावर ठाण्या-मुंबईचा नेहमीचा रस्ता सहन होतो. ब्रॉम्प्टननेही हे मान्य केलं असावं. सोळा इंची चाकांवर इतकी वर्षं काढल्यावर २०२४मध्ये तिने वीस इंची चाकं, रुंद टायर आणि डिस्क ब्रेक असलेली ‘जी लाइन’ ही सायकल आणली.

चार इंची टायरवाल्या आपल्याकडच्या सायकलींना या बाबतीत पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. पुण्यातल्या ईमोटोरॅड कंपनीची डूडल ही त्यांतली सगळ्यांत ओळखीची. खड्डे, गतिरोधक, विटांचे तुकडे यांवरून अशी सायकल निवांत जाते. कात्रज-कोंढव्याकडच्या रस्त्यांवर राहणाऱ्या, मोटारीच्या डिकीत घालून सिंहगडाच्या पायथ्याशी नेणाऱ्या माणसाला ती आवडणारच. तिची घडी ही डिकीसाठीची आणि बाल्कनीसाठीची घडी आहे. ती जिन्यासाठी नाही, एवढं दुकानदाराने स्पष्ट सांगितलं तर कुणाची फसगत होणार नाही.

पहिल्यांदा बसणाऱ्याला हँडल चंचल वाटतं. लहान चाक पटकन वळतं, आणि हँडलचा लांब दांडा एका बिजागरीवर उभा असल्याने जोर दिला की किंचित वाकतो. एक हात सोडून रिक्षाला थांबण्याची खूण करताना हे जाणवतं. आठवड्याभरात अंगवळणी पडतं आणि मग गर्दीत हाच चपळपणा उपयोगी येतो. बिजागरीत मात्र खेळ नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली आणि टक् असा आवाज आला तर खटका घट्ट करून घ्यायचा, आणि पुन्हा तसाच आवाज आला तर त्या सायकलीवर बसायचं नाही.

मोटरचं आणि लहान चाकाचं मात्र छान जमतं, ही या जोडीतली चांगली बाजू. चाकातल्या मोटरचा पीळ तोच असला तरी चाक जितकं लहान तितका रस्त्यावर मिळणारा जोर मोठा. तीस न्यूटन-मीटरची मोटर मोठ्या चाकात सुमारे ८६ न्यूटन ढकलते, सोळा इंची चाकात १४३. सिग्नल सुटल्यावर या सायकली पटकन निघतात त्याचं हे कारण. उड्डाणपुलाचा शंभराला पाच असा चढ घ्या. ७५ किलोचा माणूस, २० किलोची सायकल, ताशी १५ किलोमीटर वेग : नुसतं वजन वर न्यायला १९० वॉटच्या पुढे लागतात, वारा आणि टायर यांचं वेगळं. सराव नसलेला माणूस सलग शंभर वॉटच्या आसपास देऊ शकतो. उरलेलं मोटर देते. घामाघूम न होता कचेरीत पोहोचणं म्हणजे हेच, आणि मे महिन्यात त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मदत कशी मिळते यावर चालवण्याची सगळी मजा अवलंबून आहे. स्वस्त सायकलींत पायडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही अर्धा फेरा मारता, काही होत नाही, आणि मग मोटर एकदम ढकलते. मोकळ्या रस्त्यावर चालेल. मंडईच्या गर्दीत, पुढे म्हातारी बाई चालत असताना, ही ढकल अंगावर काटा आणते. महाग सायकलींत पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो. तुम्ही हळू दाबलंत तर तीही हळू, जोर लावलात तर तीही जोरात. मोटर आहे हे विसरायला होतं. पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर मी यासाठी घाला म्हणेन. बॅटरीचा आकडा वाढवण्यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं.

त्या आकड्याबद्दल. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर, युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. पायडल मारत, मोटरची मदत घेत गेलं तर किलोमीटरला दहा-बारा वॉट-अवर जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर सहज. एका चार्जिंगचा खर्च चार-पाच रुपयांच्या पुढे जात नाही. पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी मिळून जाऊन-येऊन अंतर होतं दहा-बारा किलोमीटर! दीडशे वॉट-अवर पुरतात. तरी जाहिराती साठ आणि ऐंशी किलोमीटरच्या पल्ल्याच्या असतात, आणि त्या पल्ल्याचं वजन गिऱ्हाईक रोज जिन्यावरून वाहतं. दोन-अडीचशे वॉट-अवरची छोटी बॅटरी, तेरा-चौदा किलोची सायकल, आणि वजनाचा आकडा पेटीवर पल्ल्याच्या आकड्याएवढ्याच ठळक अक्षरांत : आपल्या शहरांना ही सायकल हवी आहे.

नौपाड्यातल्या एका दुकानात मिस्त्रींनी मागच्या चाकाची मोटर उघडून ठेवली होती. झाकणाचे स्क्रू काढले की आत कडेने चुंबकांची रांग, मधे तांब्याच्या तारेची वेटोळी आणि त्यांच्या पोटात नायलॉनची तीन छोटी दातेरी चाकं, ग्रीसने माखलेली. ही नायलॉनची असतात म्हणून मोटर कुरकुरत नाही, आणि नायलॉनची असतात म्हणूनच वर्षानुवर्षांच्या चढांनी त्यांचे दाते झिजतात. वायर एक्सलच्या भोकातून आत येते. पाणीही तिथूनच येतं. पावसाचं विचारलं तर मिस्त्री म्हणाले, “दादा, वरून पडलं तर काही होत नाही. तुंबलेल्या पाण्यातून घातली की माझ्याकडे येते.” एक्सल बुडेल एवढ्या पाण्यात न्यायची नाही, हा त्यांचा नियम हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या बाजूला राहणाऱ्याने लिहून ठेवावा. मोटरच्या चाकाचं पंक्चर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला काढायला तयार होत नाही, कारण वायर तुटायची भीती. त्यावरही उपाय त्यांनी करून दाखवला : चाक न खोलता टायर एका बाजूने सोडवून ट्यूब तेवढी बाहेर ओढायची आणि जागच्या जागी ठिगळ मारायचं. आपले पंक्चरवाले साध्या सायकलीला हे नेहमी करतात. मोटरच्या चाकालाही ते चालतं, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कायदा या सायकलींच्या बाजूचा आहे. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची क्षमता पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. ही सवलत टिकायची असेल तर वेगमर्यादा काढून देणाऱ्या दुकानांपासून लांब राहायला हवं. लहान चाक, बिजागरीचं हँडल आणि सायकलीचे ब्रेक यांवर ताशी चाळीसने जाणं हे अपघाताला बोलावणं आहे.

आग हा विषय टाळण्यासारखा नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकायला बंदी आली. घडीची सायकल घरात राहते, म्हणजे हा प्रश्नही घरात येतो. बॅटरी तिच्याच चार्जरवर लावायची, रात्री सगळे झोपल्यावर नाही, आणि दाराजवळच्या पॅसेजमध्ये तर मुळीच नाही. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. पडलेली, फुगलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा लावायची नाही. विमानाने सायकल नेण्याचा बेत असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं : प्रवासी विमानात साधारण १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, कंपनीच्या परवानगीने १६०पर्यंत. सायकलीच्या बहुतेक बॅटऱ्या याच्या दुपटीच्या आहेत. सायकल जाईल, बॅटरी जाणार नाही.

बायकांना ही सायकल विशेष सोयीची आहे, आणि याची चर्चा फारशी होत नाही. मधली नळी खाली असल्यामुळे साडी, सलवार, काहीही नेसून-घालून सहज बसता येतं. सीट भराभर खालीवर होते, म्हणून सासू-सून, आई-मुलगी एकच सायकल वापरू शकतात. पन्नाशीच्या पुढे गुडघे बोलू लागतात तेव्हा मोटर त्यांचा भार घेते. वजन मात्र इथेही आडवं येतं. बायकांसाठी म्हणून विकली जाणारी सायकल तेवीस किलोंची असेल तर ती चौथ्या मजल्यावर कोण नेणार, याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायला हवं.

पवईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी याच कोड्याचं वेगळं उत्तर शोधलं आहे. त्यांची हॉर्नबॅक एक्स१ ही पूर्ण मोठ्या चाकांची, नेहमीच्या चौकटीची आणि तरीही मधोमध मिटणारी विजेची सायकल. ऑक्टोबर २०२३मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्यावर फेरी मारून समाजमाध्यमावर तिचं कौतुक केलं. त्यांनी त्या कंपनीत पैसेही घातले आहेत. मोठं चाक म्हणजे खड्ड्यांचा प्रश्न जवळजवळ मिटला, आणि चौकट शाबूत असल्याने सायकल लचकणंही कमी. पण कुठलीही घडी आपल्या चाकापेक्षा लहान होऊ शकत नाही. मोटारीच्या डिकीला, लिफ्टला आणि मेट्रोला हे चालेल. लोकलला सोळा-वीस इंचीच लागणार.

घेण्याआधी बॅटरीच्या म्हातारपणाचीही चौकशी करावी. पाच-सातशे पूर्ण चार्जिंगनंतर तिची ताकद घटू लागते, आणि आपल्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या सायकलीत ती लवकर घटते. तशीच नवी बॅटरी पाच वर्षांनी मिळेल का, आजची तिची किंमत काय, ती नेहमीच्या मापाची आहे की त्याच कंपनीच्या खोबणीत बसणारी, हे दुकानात विचारावं आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावं. मग सायकल मिटवून, बॅटरीसकट, दुकानाच्या इमारतीचा एक मजला चढून यावं. दुकानदार आधी बॅटरी काढून देऊ लागला तर ती परत लावायला सांगावं.